साहेबांचा वाघ मी धुतला

आमच्या घरात फोटो काढायचे यांनी आणि धुवायचे मी. कपड्यांचंही तसंच होतं, म्हणून पहिली काही वर्षं मला त्यात वावगं काही वाटलं नाही. बाहेर लोक म्हणायचे, "रेंजरसाहेबांच्या हाताला जादू आहे." हे लाजल्यासारखं हसायचे. जादूच्या हातांना हायपोचा, म्हणजे फोटो धुवायच्या औषधाचा, वास येत नव्हता. तो माझ्या हातांना यायचा, आणि त्या हातांची पोळी खाताना हे नाक मुरडायचे.

वैनगंगेच्या पलीकडचं जंगल होतं ते. आज त्याला गडचिरोली जिल्हा म्हणतात, तेव्हा तो सगळा चांदाच, म्हणजे आताचा चंद्रपूर, होता आणि राज्य नागपूरहून चालायचं. नागपूरहून नागभीडपर्यंत छोटी रेल्वे, पुढे ब्रह्मपुरीवरून नदीपर्यंत मोटार, नदी डोंग्यातून, आणि मग दीड दिवस बैलगाडी. एवढं करून पोचलं की समोर आमचं कौलारू क्वार्टर, फेब्रुवारीतच तळ दाखवणारी एक विहीर आणि नाकेदारांच्या चार झोपड्या. नाकेदार म्हणजे जंगलाचा गार्ड. माझ्या माहेरी सगळ्यांना वाटायचं की पोरीला साहेब मिळाला. साहेब होतेच हे, पण त्यांच्यावर इतके साहेब होते की आमच्यापर्यंत येईतो साहेबीचं ताकच झालेलं असायचं.

कॅमेरा म्हणजे एक काळा डबा होता. देश सोडून जाताना एका इंग्रज अधिकाऱ्याने तो यांना दिला. सोबत एका खोक्यात कॅमेऱ्याचा सगळा संसार दिला: तामचिनीच्या दोन खोलगट बशा, काचेची मापं, छपाईची चौकट आणि एक इंग्रजी पुस्तिका. एका रोलमध्ये आठ फोटो यायचे. डब्याला वरच्या बाजूला नखाएवढी काच होती आणि तिच्यात बघायला मान खाली घालावी लागायची. साहेबांसमोर मान खाली घालण्याची सवय यांना नोकरीने लावलीच होती, त्यामुळे फोटो काढणं यांना जड गेलं नाही.

धुणं मात्र जड गेलं. पहिला रोल यांनी स्वतः धुवायला घेतला आणि अर्ध्यात, "काही दिसतंय का बघू," म्हणून दार उघडलं. रोल काळाकुट्ट निघाला. दुसऱ्या वेळी दार नीट लावलं, पण औषधं उलटी वापरली. आधी चित्र पक्कं करणारा हायपो आणि मग चित्र उमटवणारा डेव्हलपर. हा रोल काचेसारखा आरपार निघाला. मी म्हटलं, "निदान स्वच्छ तरी निघाला." यांनी पुस्तिका माझ्या पुढ्यात आपटली. "मॅट्रिक झालीस ना? मग तूच कर."

मी केलं. मला ते आलं. इतकं सोपं सांगते आहे, पण तेव्हा त्या जंगलात, मला काहीतरी येतं हे कळल्यावर मला जे वाटलं ते मी कुणाला सांगितलं नाही. सांगायला होतं कोण?

धान्याची एक खोली होती, तिला एकच खिडकी. खिडकीवर आणि दाराच्या फटींवर पोती ठोकली की दिवसाही आत काळोख व्हायचा. लाल दिवा हवा होता. मी कंदिलाभोवती माझा लग्नाचा शालू गुंडाळला. त्या जंगलात शालू नेसून जाण्यासारखं दुसरं ठिकाणही नव्हतं. त्याच्या लाल उजेडात रोल दोन टोकांना धरून औषधात खालीवर, खालीवर करायचा. घड्याळ हे घेऊन जायचे, म्हणून मी आईने शिकवलेलं एक स्तोत्र म्हणत असे. तीन वेळा सावकाश म्हटलं की डेव्हलपर झाला. देवाला आपण कशासाठी राबतो आहोत हे ठाऊक असेल की नाही, कोण जाणे. पण त्याने कधी वेळ चुकवली नाही.

अडचण एकच होती, उन्हाळा. पाणी कोमट झालं की रोलवरचा चित्राचा पापुद्रा सैल होतो आणि दुधावरच्या साईसारखा निसटून जातो. आमच्याकडे एप्रिलपासून विहिरीचं पाणी कोमट असायचं आणि माठातलं धुवायला पुरत नसे. हे कोडं नाकेदारीणबाईने सोडवलं. ती आमच्या शेजारच्या नाकेदाराची बायको, गोंडाची, माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठी. नाल्याच्या कोरड्या पात्रात हात-दीड हात खणलं की पाणी झिरपून येतं, त्याला झिरा म्हणतात. जांभळीच्या सावलीतला एक झिरा तिला ठाऊक होता. पहाटे, ऊन चढायच्या आत, ती दोन घागरी भरून आणायची आणि ओल्या पोत्यात गुंडाळून धान्याच्या खोलीच्या दाराशी ठेवायची. त्या पाण्यात हात घातला की मे महिन्यातही शहारा यायचा. शिवाय हायपोमध्ये मी चिमूटभर तुरटी टाकायची, तिने चित्र घट्ट बसतं. झिऱ्याचं पाणी आणि तुरटी, एवढीच होती रेंजरसाहेबांची जादू.

जादूची कीर्ती पसरत गेली. उन्हाळा आला की साहेब लोक वाघ मारायला यायचे. इंग्रज गेला होता, पण त्याची टोपी, त्याची बंदूक आणि वाघावर पाय ठेवून उभं राहण्याची त्याची तऱ्हा तो इथेच ठेवून गेला होता. वाघ दाखवायला नाकेदार, हाकायला गाव, मचाण बांधायला गाव, जखमी वाघाचा माग काढायलाही गावच. साहेबांच्या वाट्याला चाप ओढण्याचं कष्टाचं काम तेवढं उरायचं. मग हे मान खाली घालून फोटो काढायचे. दुसऱ्या रेंजांमध्येही फोटो निघायचे, पण उन्हाळ्यातले ते निम्मे विरघळलेले किंवा डागाळलेले असायचे. आमचे स्वच्छ. वाघाच्या मिशा मोजता याव्यात इतके. ते नागपूरला साहेबांच्या दिवाणखान्यात लागायचे, आणि ते पाहून पुढच्या उन्हाळ्यात दुसरे साहेब यायचे.

माझं लक्ष या सगळ्यात नव्हतं. आमची एकुलती एक मुलगी पाच वर्षांची झाली होती आणि तीन पावसाळे तिला हिवतापाने सोडलं नव्हतं. हातपाय काड्या आणि पोट तेवढं पुढे. पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढली होती, बोटांना लागायची. त्या वर्षी फाल्गुनात तिला ब्रह्मपुरीला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोट दाबून पाहिलं आणि यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघून सांगितलं, "हिचा पुढचा पावसाळा तिथे नको. गोळ्या देतो, पण जंगलाबाहेर काढा." मी विचारलं, "नाही काढलं तर?" त्यांनी चष्मा पुसला. 

मुलीला माहेरी पाठवायची म्हटली तर आई-वडील दोघंही गेलेले, आणि भावाच्या बिऱ्हाडात आधीच नऊ माणसं. उपाय एकच होता, बदली. यांनी अर्ज केला. आधीचे दोन होतेच, हा तिसरा. चांद्याच्या लाकूड डेपोत एक जागा होती. तिथे दवाखाना होता, शाळा होती. अर्ज मोठ्या साहेबांच्या टेबलावर होता आणि मोठे साहेब मे महिन्यात आमच्याच रेंजमध्ये वाघ मारायला यायचे होते. मला वाटलं, देवाने तीन वेळा म्हटलेल्या स्तोत्रांचा हिशेब शेवटी चुकता केला.

मोठे साहेब आले. सोबत बाईसाहेब, एक खानसामा आणि घडीची आरामखुर्ची. तिसऱ्या दिवशी वाघ मिळाला. मिळाला म्हणजे आमच्या शेजारच्या नाकेदाराने मिळवला. साहेबांची पहिली गोळी मोहाच्या झाडाला लागली, दुसरी कशाला लागली ते कळलं नाही, तिसरी वाघाच्या मागच्या पायाला लागली, आणि मग दीड कोस माग काढून नाकेदाराने साहेबांना अशा जागी नेऊन उभं केलं की तिथून आमच्या मुलीनेही वाघ मारला असता. वाघाला बैलगाडीत घालून, साहेब उतरले होते त्या जंगलखात्याच्या बंगल्यासमोर आणलं. जबड्यात काडी अडकवून तोंड उघडं ठेवलं, म्हणजे तो भयंकर दिसावा. यांनी फोटो काढले. साहेब आणि वाघ, साहेब बसून आणि वाघ, साहेब वाघावर पाय ठेवून, साहेब-बाईसाहेब आणि वाघ, साहेब बंदुकीसकट, बंदुकीशिवाय, आणि एक कडेने. सात झाले. नाकेदार एकाही फोटोत नव्हता. तो तोंडातली काडी सारखी करायला वाकला होता, त्याला बाजूला व्हायला सांगितलं.

दुपारी साहेब आमच्याकडे चहाला आले. मी पडद्याआड कपबशा लावत होते. यांनी धीर करून अर्जाचा विषय काढला. मुलीची तब्येत, डॉक्टर, पावसाळा, सगळं नीट सांगितलं. मला त्या क्षणी यांचा अभिमान वाटला. साहेबांनी बिस्किट चहात बुडवलं. "अर्ज पाहिलाय मी," ते म्हणाले, "पण तुम्हाला इथून हलवून कसं चालेल? शिकार कोणीही लावून देईल हो. पण असा फोटो? साऱ्या सर्कलमध्ये कुणाकडे निघतो? पुढच्या वर्षी दिल्लीहून पाहुणे येणार आहेत. तुमच्या कलेमुळेच तर मी या रेंजचं नाव पुढे करतो." आणि मग मायेने म्हणाले, "मुलं काय, होतात मोठी."

माझ्या हातातली बशी फुटली नाही. मी ती नीट खाली ठेवली. आत संतापाने माझे कान तापले होते. इतकी वर्षं मी काळोखात उभी राहून, कंदिलाच्या धगीने शालूला भोकं पाडून, बोटांची सालं काढून जे केलं, त्यानेच माझ्या पोरीला या जंगलात खिळवून ठेवलं होतं. आमच्या बदलीच्या आड दुसरंतिसरं कोणी नव्हतं, मीच होते.

साहेब गेल्यावर हे आत आले. चेहरा उजळलेला. "ऐकलंस? साऱ्या सर्कलमध्ये!"

"ऐकलं. आणि बदली?"

"बघू पुढच्या वर्षी. दिल्लीचे पाहुणे होऊन जाऊ दे. त्यांच्यासमोर नाव झालं तर मग काय, मागू ती जागा."

"पुढच्या वर्षीपर्यंत ही राहील का?"

"असं अभद्र बोलू नये," हे म्हणाले आणि डब्याकडे वळून त्याची काच धोतराच्या सोग्याने पुसू लागले. वाईट माणूस नव्हते हे. मुलीला ताप चढला की रात्र रात्र उशाशी बसायचे. पण आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना तुम्ही लागता असं म्हटलं होतं, आणि त्या सुखापुढे त्यांना बाकी सगळं थोडं थोडं लांब दिसायला लागलं होतं. ते सुख मुळात माझ्या मालकीचं आहे, हे सांगायची ती वेळ नव्हती.

रोलमध्ये एक फोटो उरला होता. साहेब आणि बाईसाहेब जीपमधून पुढच्या बंगल्याकडे गेले, हे त्यांना पोचवायला गेले, आणि डबा टेबलावर राहिला. नाकेदारीणबाई भांडी घेऊन आली होती. ती कित्येक महिन्यांपासून माझ्या मागे होती.

"बाई, साहेबाचा फोटू काढता, त्याच्या वाघाचा काढता. माहा काऊन नाई काढत?"

मी म्हटलं, "जा, नीट होऊन ये."

ती गेली ती चांगली तासाभराने आली. लाल काठाचं नवं लुगडं, गळ्यात होत्या तेवढ्या सगळ्या माळा, हातांत चांदीची जाड कडी, केसांना तेल. अंगणात उभी राहिली आणि मग तिला प्रश्न पडला. "साहेबाच्या हातात बंदूक राह्यते. म्या काय धरू?" तिने इकडेतिकडे पाहिलं आणि ओट्यावर बसलेल्या आमच्या मुलीला उचलून कडेवर घेतलं. "त्याच्याजवळ मेलेला वाघ होता. माह्याजवळ जित्ती वाघीण आहे," ती म्हणाली आणि स्वतःच हसली. मी मान खाली घालून काचेत पाहिलं. मुलीने तिच्या माळांमध्ये बोटं अडकवली होती. मी खटका दाबला. आजवर शेकडो फोटो मी धुतले, पण काढला तो एवढा एकच.

"कवा भेटन?" तिने विचारलं.

"परवा धुते. पाणी आण म्हणजे झालं."

"आणतो न बाई. मा'या फोटूले त लय थंडं आणतो."

त्या दोन दिवसांत मी काय ठरवलं होतं, ते मलाही नीट सांगता यायचं नाही. पण ठरल्या दिवशी पहाटे हायपो कालवताना मी तुरटीची पुडी फळीवरच राहू दिली. म्हणजे ठरलेलं होतंच, मी फक्त स्वतःला सांगितलं नव्हतं. दाराशी दोन घागरी ओल्या पोत्यात उभ्या होत्या. हे ओट्यावर खाटेवर बसले होते. हा रोल मोठ्या साहेबांचा, म्हणून त्यांनी चहासुद्धा घेतला नव्हता.

आत मी नेहमीसारखंच केलं. शालूच्या उजेडात रोल खालीवर होऊ लागला. दुसऱ्यांदा स्तोत्र सुरू केलं आणि साहेब उमटायला लागले. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. साहेबांची पांढरी टोपी काळीठिक्कर, चेहरा कोळशासारखा, आणि बंदुकीची काळी नळी तेवढी शुभ्र. सात वेळा साहेब, एकापेक्षा एक स्वच्छ. मला लाज वाटते सांगायला, पण मला आनंद झाला. इतका चांगला रोल माझ्या हातून कधीच निघाला नव्हता. हायपोमधून काढून मी खिडकीवरचं पोतं थोडं सरकवलं आणि उजेडासमोर धरला. वाघाच्या मिशा मोजता येत होत्या.

आणि टोकाला आठवा. काळ्या चेहऱ्याची, पांढऱ्या केसांची ती, कडेवर माझी मुलगी. तिच्या माळेचा मणी न् मणी वेगळा दिसत होता. ती हसत नव्हती, फोटोसाठी तिने तोंड गंभीर केलं होतं. पण मुलगी हसत होती.

कात्री फळीवरच होती. शेवटचा तुकडा कापून झिऱ्याच्या पाण्यात टाकायचा आणि बाकीच्या सातांचं काय व्हायचं ते होऊ द्यायचं. मी कात्री हातात घेतलीसुद्धा. पण हे बाहेर बसले होते, आठवा फोटोही काढून झाल्याचं यांना ठाऊक होतं आणि हे आठ मोजणार होते. एकाच पाण्यात सात विरघळले आणि आठवा ठणठणीत राहिला, तर हे काय समजले असते? आणि आठवा कापून लपवला, तर तो छापून तिला द्यायचा कधी? चार झोपड्यांच्या वस्तीत तिने तो संध्याकाळपर्यंत चौघांना दाखवला असता, पाचवे हेच.  मग कात्री खाली ठेवली.

मी घराच्या मागच्या दाराने न्हाणीत गेले. यांच्या आंघोळीचा हंडा चुलीवर होता. त्यातलं पाणी आणून बशीत ओतलं, बोट घालून पाहिलं आणि अख्खा रोल त्यात सोडला. थोडा वेळ काही झालं नाही. मग कडा सुरकुतल्या. मग साहेबांची टोपी हलली, सरकली आणि साहेबांना सोडून निघाली. एकेक करून सातही साहेब पाण्यात उतरले. आठवा सगळ्यात शेवटी सुटला. मुलीचा हात आधी गेला आणि मग मणी. मी तिथे उभी राहून सगळं पाहिलं. निदान तेवढं करायला हवं होतं.

हे आत आले तेव्हा बशीत काळपट गाळ तरंगत होता आणि माझ्या हातात आरपार पट्टी होती. यांचा चेहरा पाहवेना. त्यांनी बशीत बोट घातलं.

"अगं, पाणी कोमट आहे!"

मी पट्टी बशीच्या कडेवर ठेवली.

"पाणी कोणी आणलं?"

"नाकेदारीणबाईने," मी म्हणाले. मी खरं तेच बोलले होते. पाणी तिनेच आणलं होतं, दारात दोन्ही घागरी भरलेल्या उभ्या होत्या, आणि यांना त्या घागरींत बोट घालून पाहायचं सुचलं नाही. मला ते सुचवायचं सुचलं नाही असंही म्हणता येईल, पण सुचलं होतं.

यांनी नाकेदाराला बोलावून फैलावर घेतलं. नाकेदाराने घरी जाऊन बायकोला घेतलं. त्याचा आवाज आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येत होता. मी भाजी चिरत होते आणि चिरतच राहिले. दुपारी ती भांडी घासायला आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. तिने फोटोचं विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "म्या अंधारातच आणलं होतं जी. मले त थंडंच लागलं." मी म्हटलं, "होतं असं कधी कधी." त्यानंतर ती पिण्याचं पाणीसुद्धा चांदणी असतानाच आणून ठेवू लागली.

पुढचं सगळं माझ्या मनासारखं झालं. साहेबांना कळवलं तेव्हा त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं, त्यात हळहळ कमी आणि संशय जास्त होता. यांनी मुद्दाम केलं असा नव्हे, तर यांच्या कलेचा जरा जास्तच बोलबाला झाला होता असा. जूनच्या पहिल्या आठवड्यात हुकूम आला. आमच्या रेंजला दुसरे एक रेंजर येणार होते, त्यांच्याकडे म्हणे भारी कॅमेरा होता. यांना चांद्याच्या डेपोत लाकडं मोजायला पाठवलं होतं. हे ती शिक्षाच समजले. चार दिवस नीट जेवले नाहीत. "वाघाच्या रेंजमधून ओंडक्यांवर आणलं," म्हणायचे. मी त्यांना धीर द्यायची आणि ट्रंका भरायची. पोरीची पानथरी दोन वर्षांत बसली. आज ती दोन मुलांची आई आहे, मास्तरीण आहे आणि माझ्यावर ओरडते. यांना मी खरं काय झालं ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. डबा चांद्याला माळ्यावर गेला, आणि मी पुन्हा कधी रोल धुतला नाही. कोणी विचारलं तर सांगते, जमेना.

निघालो त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं आणि गाडीवान नाल्यांच्या भीतीने घाई करत होता. ट्रंका चढल्या, हे पुढे बसले, मी मुलीला मांडीवर घेतलं. सगळे नाकेदार हात जोडून उभे होते, त्यांच्यात ती नव्हती. मला आधी बरं वाटलं आणि मग बरं वाटल्याचं वाईट वाटलं. गाडी फाटकापर्यंत आली तेव्हा ती नाल्याकडून पळत येताना दिसली. खांद्यावर लहान घागर होती, तोंडाला पळसाची पानं बांधलेली. तिने ती वाटेत प्यायला म्हणून माझ्या पायाशी ठेवली. मुलीचे गाल कुरवाळले. मग यांना ऐकू जाऊ नये म्हणून गाडीच्या मागच्या बाजूला आली आणि माझा हात धरला. तिचा हात ओला आणि गार होता.

"बाई, तुमाले शिक्षा झाली न जी? मा'या पाण्यानं झाली."

मी तोंड उघडलं. हे दोन हातांवर बसले होते, त्यांनी मागे वळून पाहिलं. मी तोंड मिटलं.

"मोठ्या साहेबाले सांगजा," ती भराभर बोलत होती, "पाणी म्या आणलं होतं. चूक माही आहे, रेंजरसाहेबाची नाई. बदली नका करू म्हणा. माफी मांगतो म्हणा. सांगसान न बाई? मंग तुमी वापस येसान."

"सांगते," मी म्हणाले.